लोकरीचे प्रवाळ आणि संग्रहालयाचे कपाट

वॉशिंग्टन येथील स्मिथ्सोनियन संस्थेचे निसर्ग-इतिहास संग्रहालय जगातील अग्रगण्य संग्रहालयांत गणले जाते. उल्का, जीवाश्म, कीटक, पक्षी, शंख-शिंपले असे कोट्यवधी नमुने तेथे जतन केलेले आहेत. ऑक्टोबर २०१० मध्ये या नमुन्यांच्या पंक्तीत एक अनपेक्षित वस्तू येऊन बसली. ती होती क्रोशाच्या सुईने विणलेली प्रवाळभित्ती! शेकडो सामान्य नागरिकांनी, त्यातही बहुसंख्य स्त्रियांनी, आपापल्या घरी विणून आणलेले तुकडे जोडून ती उभी राहिली होती. एप्रिल २०११ पर्यंत ती तेथे होती. शास्त्राच्या मंदिरात हे लोकरकाम कशासाठी, असा प्रश्न पडणे स्वाभाविक होते.

या उपक्रमाच्या मुळाशी मार्गारेट आणि क्रिस्टिन वर्थहाइम या जुळ्या बहिणी आहेत. मार्गारेट विज्ञानलेखिका, तर क्रिस्टिन कवयित्री आणि कलावती. दोघी मूळच्या ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड प्रांताच्या. म्हणजे ग्रेट बॅरियर रीफ ज्या किनाऱ्याला समांतर पसरलेली आहे, त्याच प्रांताच्या. २००५ मध्ये लॉस एंजेलिस येथील आपल्या घराच्या दिवाणखान्यात त्यांनी विणायला प्रारंभ केला. शिकागो, न्यूयॉर्क, लंडन, मेलबर्न, डब्लिन असे एकेक शहर पुढे या कामात सामील होत गेले. २०१९ मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक कलाप्रदर्शनात या प्रवाळांना स्थान मिळाले. २०२२ मध्ये जर्मनीतील बाडेन-बाडेन येथे चार हजारांहून अधिक लोकांनी सुमारे चाळीस हजार प्रवाळ विणून दिले.

प्रवाळ आणि क्रोशा यांची सांगड मात्र केवळ हौसेची नाही. आपल्याकडे ज्या घरात क्रोशाचा गोल रुमाल विणला गेला असेल, त्या घरातील आजीला यामागचे गणित ठाऊक आहे. प्रत्येक फेरीत खांब योग्य प्रमाणात वाढवले, तर रुमाल सपाट बसतो. कमी वाढवले तर तो टोपीसारखा वळतो आणि जास्त वाढवले तर कडेला झालर पडू लागते. वाढवण्याचे प्रमाण तसेच राखले, की ही झालर लाटांवर लाटा घेत पसरते. गणितात या पृष्ठाला अतिवलयी पृष्ठ म्हणतात. युक्लिडच्या भूमितीत एका बिंदूतून दिलेल्या रेषेला एकच समांतर रेषा काढता येते. येथे अगणित काढता येतात. एकोणिसाव्या शतकात बोल्याय आणि लोबाचेव्हस्की यांनी ही भूमिती मांडली खरी, पण हातात धरून दाखवता येईल असा तिचा टिकाऊ नमुना गणितज्ञांना दीर्घकाळ गवसला नव्हता. तो १९९७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील दाइना ताइमिन्या या लाटव्हियन गणितज्ञ स्त्रीने क्रोशाच्या सुईने विणून दाखवला. कमी जागेत अधिकाधिक पृष्ठभाग मिळवण्याची हीच युक्ती समुद्रातील कितीतरी जीव कोट्यवधी वर्षे वापरत आले आहेत. वर्थहाइम भगिनींनी ताइमिन्यांच्या नमुन्यात थोडी अनियमितता आणली, टाके मध्येच कमी-जास्त केले आणि सुईवर जणू नव्या प्रजाती उगवू लागल्या.

राहिला शास्त्राच्या मंदिराचा प्रश्न. निसर्ग-इतिहास संग्रहालयांना अनुकृतीचे वावडे कधीच नव्हते. मऊ शरीराचे समुद्री जीव स्पिरिटच्या बरणीत ठेवले की त्यांचा रंग उडतो, आकार बिघडतो. म्हणूनच एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ड्रेस्डेन येथील लिओपोल्ड आणि रुडोल्फ ब्लाश्का या पितापुत्रांनी काचेचे जेलीफिश, समुद्रफुले आणि गोगलगायी घडवल्या व जगभरच्या संग्रहालयांनी त्या पैसे मोजून विकत घेतल्या. पितापुत्रांची काच शास्त्र ठरते आणि गृहिणीची लोकर मात्र करमणूक, हा भेद कशाच्या आधारावर करायचा?

आणि खऱ्या नमुन्याची तरी कथा काय आहे? संग्रहालयाच्या कपाटातील प्रवाळ म्हणजे पांढराशुभ्र चुनखडीचा सांगाडा. जिवंतपणीचे त्याचे रंग बहुतांशी त्याच्या शरीरात राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाचे असतात. जीव गेला की रंग गेला. गंमत अशी, की पाण्याचे तापमान वाढल्यावर समुद्रातील प्रवाळही हे शैवाल बाहेर टाकून असेच पांढरे पडते. कपाटातील शुभ्रता पाहून हरखणारा प्रेक्षक नकळत एका मृत्यूचेच सौंदर्य पाहत असतो. किरमिजी, जांभळ्या, नारिंगी लोकरीचा ढीग त्याला निदान एवढे तरी सांगतो, की येथे पूर्वी रंग होते.

याहून महत्त्वाची गोष्ट नावांची आहे. जुन्या नमुन्याला बांधलेल्या चिठ्ठीवर प्रजातीचे नाव, स्थळ, तारीख आणि संग्राहकाचे नाव असते. ग्रेट बॅरियर रीफवर १९२८-२९ मध्ये लो आइल्स बेटांवर जी गाजलेली ब्रिटिश मोहीम गेली, तिच्या मदतीला यारबा येथील आदिवासी माणसे होती. इतिहासात नावे उरली ती प्रामुख्याने शास्त्रज्ञांची. वर्थहाइम भगिनींनी विणणाऱ्यांची नावे प्रदर्शनासोबत नोंदवण्याचा प्रघात पाडला. हा या उपक्रमातील सर्वांत मोलाचा भाग मानला पाहिजे. अर्थात, प्रसिद्धी आणि मुलाखती पुन्हा दोघींच्याच वाट्याला येतात, हेही नाकारता येत नाही. हजारो हातांच्या कृतीला एकदोन नावांनी ओळखण्याची कलाविश्वाची खोड सहजासहजी जाणार नाही.

खरा आक्षेप वेगळाच आहे. टाके घातल्याने समुद्र थंड होत नाही. औद्योगिक काळापूर्वीच्या तुलनेत तापमानवाढ दीड अंशावर गेली तर सत्तर ते नव्वद टक्के प्रवाळ नष्ट होतील, असा इशारा आंतरराष्ट्रीय हवामान मंडळाने २०१८ मध्येच दिला. २०२३ च्या प्रारंभापासून पुढच्या दोन-अडीच वर्षांत जगातील सुमारे ८४ टक्के प्रवाळक्षेत्राला पांढरे पडण्याइतका उष्णतेचा ताण सोसावा लागला. अशा वेळी विणकाम हे केवळ मनाचे समाधान ठरू शकते. शिवाय वापरात येणारे पुष्कळसे सूत कृत्रिम, म्हणजे प्लास्टिकचेच असते! पण वर्थहाइम भगिनींनी ही विसंगती झाकून ठेवली नाही. प्लास्टिकच्या पिशव्यांच्या पट्ट्या कापून त्यांनी एक ‘विषारी’ प्रवाळभित्ती विणली आणि २००७ ते २०११ या काळात स्वतःच्या घरातील प्लास्टिकचा कचरा न फेकता साठवून तोही प्रदर्शनात मांडला. दुसऱ्याकडे बोट दाखवण्यापूर्वी स्वतःची केराची बादली लोकांपुढे ठेवणारे कलावंत फार थोडे.

मराठी वाचकाला प्रवाळ ही दूरदेशीची गोष्ट वाटण्याचे कारण नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात, मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहे. इतकेच नव्हे, तर मुंबईत हाजीअली आणि वरळीच्या खडकांवरही ते वाढते. सागरी किनारा मार्गाच्या कामात आलेल्या प्रवाळाच्या अठरा वसाहती २०२० मध्ये तेथून हलवून अन्यत्र वसवाव्या लागल्या. वर्तमानपत्रात बातमी आली तेव्हा आपल्या शहरात प्रवाळ आहे, हेच अनेक मुंबईकरांना प्रथम कळले. याच शहरात १८८३ पासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीसारखी संस्था कार्यरत आहे, काळा घोड्याजवळच्या संग्रहालयात निसर्ग-इतिहासाचे स्वतंत्र दालन आहे, आणि दादर-गिरगावातील महिला मंडळांत क्रोशाचे खांब घालणाऱ्या बोटांची वानवा कधीच नव्हती. हाजीअली-वरळीच्या त्या अठरा वसाहतींपासून प्रारंभ करता येईल.