नागपूरच्या ख्रिस्ती परिषदेने लिहून ठेवले, आपल्या विहारांचे काय?

कल्याण पूर्वेतला बावीस वर्षांचा एक मुलगा मध्यंतरी मला भेटायला आला. आपण समलिंगी आहोत, हे त्याने घरी सांगितले होते. घर बौद्ध. तरीही आईने आधी डॉक्टर शोधला, मग चक्क एक बाबा. त्याने मला विचारले, “ताई, मी वंदनेला आलो तर चालेल ना?” मी हो म्हटले. पण विहार समितीतल्या एकांनी त्याला आधीच ऐकवले होते, इथे असले विषय नकोत.

या प्रश्नावर ख्रिस्ती समाजात काय झाले, हे आपल्या कार्यकर्त्यांनी पाहण्यासारखे आहे. ज्या नागपुरात आपली दीक्षाभूमी, तिथेच नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडियाचे मुख्यालय आहे. प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स चर्चेसची ही परिषद 1914 पासूनची. एचआयव्हीग्रस्तांमध्ये काम करताना परिषदेतल्या लोकांची समलिंगी आणि तृतीयपंथी माणसांशी गाठ पडली आणि आपल्याच चर्चमधून ही माणसे कशी हाकलली जातात, हे दिसले. पुढे लैंगिक विविधतेसाठी परिषदेने वेगळा मंच उभा केला. 2017 मध्ये रॉजर गायकवाड आणि थॉमस निनान यांनी संपादित केलेला, मानवी लैंगिकतेवरचा धर्मशास्त्रीय लेखसंग्रह आला. मला यात महत्त्वाचे वाटते ते हे की विषय धर्मशास्त्राच्या अभ्यासात नेला गेला. उद्याचा पास्टर घरोघरी जाणार, लग्न लावणार, मयताला उभा राहणार. त्याचे मन बदलले नाही तर ठराव फाइलमध्येच राहतो.

अर्थात सगळी चर्चेस अशी नाहीत. दिल्ली उच्च न्यायालयाच्या 2009 च्या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांत ख्रिस्ती संघटनाही होत्या. 11 डिसेंबर 2013 ला कलम 377 पुन्हा लागू झाले तेव्हा मुंबईचे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी समलिंगी माणसांना गुन्हेगार ठरवण्यास विरोध केला. ठाणे जिल्ह्याचा काही भाग त्यांच्याच महाधर्मप्रांतात येत होता. मात्र समलिंगी विवाह त्यांना मान्य नव्हता. डिसेंबर 2023 मध्ये व्हॅटिकनने अशा जोडप्यांना आशीर्वाद द्यायची मुभा दिली, लग्नाची नाही. शिवाय नागपूरची परिषद सदस्य चर्चेसना हुकूम देऊ शकत नाही. तिथला कागद डोंबिवलीतल्या प्रवचनापर्यंत आपोआप पोहोचत नाही.

त्यांच्या उणिवा मोजणे सोपे आहे. आपल्याकडे तर मोजायला कागदच नाही. धम्मात असला भेदभाव नाहीच, असे आपण छातीठोक सांगतो. हे अर्धेच खरे आहे. विनयपिटकात ‘पंडक’ म्हटल्या गेलेल्या व्यक्तींना उपसंपदा नाकारलेली आहे. त्याच विनयात एका भिक्खूचे लिंग बदलल्याची नोंद आहे, आणि तिथे भगवंतांनी कोणालाही बाहेर काढले नाही, भिक्खुणींमध्ये पाठवले. दोन्ही गोष्टी ग्रंथात आहेत. सिद्धार्थाच्या गृहत्यागाची रूढ कथासुद्धा बाबासाहेबांनी तपासून नाकारली होती. मग पंडकाचा नियम तपासायला आपण का बिचकतो?

मुंबईतल्या एलजीबीटी संघटनांकडे जा, असा सल्ला दिला जातो. मीही पूर्वी देत असे. पण तिथे अनेकदा इंग्रजी आडवे येते, आणि आडनाव तर येतेच. आपल्या पोराला आपल्याच वस्तीत जागा लागते.

आपल्याकडे पास्टरच्या जागी बौद्धाचार्य आहेत. 1955 पासूनची भारतीय बौद्ध महासभा त्यांची शिबिरे घेते. त्यात एक सत्र या विषयावर ठेवायला मोठा खर्च नाही. समुपदेशक, पालक आणि जमल्यास समाजातलीच एखादी समलिंगी किंवा तृतीयपंथी व्यक्ती, एवढी माणसे पुरतात. घाबरलेली आई पहिल्यांदा शेजारच्या बौद्धाचार्यांकडेच जाते. त्यांनी “हा आजार नाही” एवढे सांगितले तरी बाबाचा खर्च वाचेल.

वर्षावासात आमच्या भागात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ग्रंथाचे वाचन चालते. त्यातला एक रविवार या चर्चेला द्यावा, असे पत्र आम्ही चौघांनी समितीला दिले आहे. पोच मिळाली, उत्तर अजून नाही. तो मुलगा मात्र दर रविवारी येतो.