बनगरवाडीला वयाची अट?

‘पोराला वाचायला काय देऊ?’ हा प्रश्न आपल्या वयाच्या मंडळींना हमखास छळतो. स्वतःची पोरं नसली तरी आपण मावशी, आत्या, मामा, काका झालेलो असतो. वाढदिवस आला की धावतपळत दुकानात शिरायचं, मुखपृष्ठावर हसरा ससा दिसला की बिल करायचं. एकदम सेफ गेम.

पाचगणीचा वीकएण्ड काढलात तर महाबळेश्वरच्या वाटेवर भिलारला थांबा. सातारा जिल्ह्यातलं हे स्ट्रॉबेरीवालं गाव मे 2017 मध्ये ‘पुस्तकांचं गाव’ झालं. घराघरांत विषयवार पुस्तकं मांडलीयत, बसा आणि वाचा. बालसाहित्य एका घरात, कादंबऱ्या दुसऱ्या. माझ्या बारा वर्षांच्या भाच्याने ही लक्ष्मणरेषा बिनधास्त ओलांडली आणि व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ उचलली. कारण काय, तर पातळ आहे! फोनवर ताईला सांगितलं, तर ती म्हणाली, ‘‘अगं, ती मोठ्यांची आहे ना? आणि शेवट केवढा वाईट!’’

मोठ्यांची आहे, कबूल. 1955 मध्ये ती आली तेव्हा कुणी तिला बालकादंबरी म्हटलं नव्हतं. पण हीरो कोण? मिसरूडही धड न फुटलेला मास्तर. पहिली नोकरी, पहिलं पोस्टिंग आणि तेही माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर, जिथे शाळेत पोरंच येत नाहीत. मग गावाने मिळून तालीम बांधायची, उद्घाटनाला थेट राजाला बोलवायचं. बारा वर्षांच्या मुलाला याहून जास्त काय हवं? हा राजा औंध संस्थानचा. औंध आज साताऱ्यात, माडगूळकरांचं माडगुळे सांगलीच्या आटपाडी तालुक्यात. 1960 पर्यंत सांगली जिल्ह्याचं नावच दक्षिण सातारा होतं, त्यामुळे ही गोष्ट दोघांचीही.

आता शेवट. पाऊस दगा देतो, मेंढरं मरतात, माणसं वाडी सोडून जातात, शाळा ओस पडते. वाईट आहेच. पण ‘श्यामची आई’मध्ये काय होतं? आई जाते. साने गुरुजींनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं ते पुस्तक आपल्या आजीपासून सगळ्यांनी ढसाढसा रडत वाचलं आणि ‘मुलांना झेपेल का’ असं कुणी विचारलं नाही. रडू येणं ही तक्रार होऊच शकत नाही. शेकूकडे एकच बैल, दुसरा मिळत नाही, तेव्हा त्याची बायको स्वतःच्या खांद्यावर जू घेते. हे वाचून पोराच्या पोटात तुटलं तर तुटू दे की! अंजीच्या चोळीवरून वाडीत होणारी कुजबुजही त्याला झेपेल. टीव्हीवरच्या सिरियलींपेक्षा ती फारच सोज्वळ आहे.

अडचण खरी भाषेची. माणदेशी बोली फ्लॅटमधल्या पोराला अडखळवते. तालीम म्हणजे त्याला नाटकाची प्रॅक्टिस वाटते. शिवाय सुरुवात सावकाश, मास्तर नुसता चालतोय. म्हणून दहाच्या आतल्याच्या हातात मी ती देणार नाही. बाराव्या वर्षापासून मात्र जरूर द्या, आणि पहिली पाच-सहा पानं तुम्ही मोठ्याने वाचा.

आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे मात्र ताईचंच काय, कुणाचंच लक्ष जात नाही. आनंदा रामोशी. चोऱ्या करतो, तरी आपल्याला आवडतो, ही माडगूळकरांची कमाल. पण आजचं पोर ‘रामोशी म्हणजे चोर’ एवढंच डोक्यात घेऊन उठलं तर? हे मला दुष्काळापेक्षा जास्त खटकतं. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं होतं, आणि तो कायदा रद्द झाला 1952 मध्ये, म्हणजे पुस्तक येण्याच्या जेमतेम तीन वर्षं आधी. रामोशी आज महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत आहेत. त्या पानांपाशी मोबाईल बाजूला ठेवून पोराच्या शेजारी बसा आणि हे सांगा. उमाजी नाईकांचंही सांगा. तेही रामोशीच, इंग्रजांविरुद्ध उठले आणि 1832 मध्ये पुण्यात फासावर गेले. अमोल पालेकरांचा 1995 चा सिनेमा त्यानंतर दाखवा, आधी नको.