परतीची बस किती वाजता?

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक,
छत्तीसगढ पर्यटन मंडळ,
नवा रायपूर



याच विषयावरचा हिंदी अर्ज आपल्या कार्यालयात वेगळा पाठवला आहे. हे पत्र मराठीत लिहिलं, ते इथल्या मराठी घरांनीही वाचावं म्हणून. भोसल्यांच्या काळापासून मराठी माणूस या मुलखात आहे. तात्यापारा, बुढापारा, चौबे कॉलनी इथे त्याची घरं आहेत आणि शहरातल्या एका जुन्या शाळेला माधवराव सप्र्यांचं नाव आहे. पण या घरांतली मंडळी दिवाळीत पुण्याला जातात, सिंहगड चढून येतात, आणि रायपूरला परतल्यावर म्हणतात, ‘आपल्याकडे कुठे काय आहे चालायला? सगळं सपाट!’

सपाट आहे म्हणूनच लिहिते आहे. साठी उलटलेल्या माणसाला, गुडघे कुरकुरणाऱ्या बाईला, शाळकरी पोरांना दिवसभर रमतगमत चालता येईल अशा जागा रायपूरच्या चारी बाजूंना आहेत. आपण त्यांच्या जाहिराती करता, पण त्या जाहिरातीतला माणूस नेहमी गाडीतून उतरतो. ज्याच्याकडे गाडी नाही, त्याने तिथे कसं जावं आणि मुख्य म्हणजे परत कसं यावं, याबद्दल आपली पत्रकं गप्प असतात.

सिरपूरचंच घ्या. भाटागावच्या बस टर्मिनलवरून सरायपालीकडे जाणारी बस पकडली की महानदी ओलांडून महामार्गावर कुहरी मोडला उतरता येतं. इथवर काहीच अडचण नाही. तिथून सिरपूर 16-17 किलोमीटर आत. ते अंतर वडापच्या जीपवर, कुणाच्या तरी मोटारसायकलवर किंवा नशिबावर! आणि आत पोचल्यावर मात्र असं चालणं मिळतं, की महाराष्ट्रातली लेणी पाहून आलेल्यांनीही तोंडात बोट घालावं. राणी वासटेने पती हर्षगुप्ताच्या स्मरणार्थ बांधवलेलं विटांचं लक्ष्मण मंदिर, तिथून तीवरदेव विहार, आनंदप्रभू कुटी विहार, उंच पायऱ्यांचा सुरंग टीला, आणि शेवटी महानदीच्या काठावरचं गंधेश्वर. सातव्या शतकात युआन श्वांग दक्षिण कोसलात येऊन गेला, तेव्हा इथे राजधानी नांदत होती. एका अवशेषाकडून दुसऱ्याकडे जाताना मधे शेतं, तळी, मोहाची झाडं. गाडीवाले दोन देवळं बघतात, फोटो काढतात, तासाभरात निघतात. पायी फिरणाऱ्याला अख्खा दिवस पुरत नाही, आणि नेमका त्यालाच दुपारी तीनपासून मोडवर परत कसं पोचायचं याचा घोर लागतो.

पुण्यात स्वारगेटहून सिंहगडाच्या पायथ्याला पीएमपीएमएलची बस जाते. तिथल्या रविवारच्या गर्दीत आजोबांपासून कॉलेजच्या पोरांपर्यंत सगळे असतात, कारण शेवटची बस कधी आहे हे प्रत्येकाला पाठ असतं. महाराष्ट्रातली गिर्यारोहणाची आवड एसटीने वाढवली असं मी म्हटलं, तर कुणी जुना भटक्या नाही म्हणणार नाही. गडाच्या पायथ्याचं गाव आणि तिथली मुक्कामी गाडी, एवढ्या भांडवलावर पिढ्या डोंगरात गेल्या. आपल्याकडे एसटीसारखं सरकारी महामंडळ नाही. बस खासगी, परवाना परिवहन विभागाचा. म्हणून कुणीतरी मधे पडून वेळा जुळवाव्या लागतील, आणि ते काम मालकांपेक्षा आपलं आहे.

धमतरीचं उदाहरण याहून सोपं आहे. तिकडे जाणाऱ्या गाड्यांना तोटा नाही. पण धमतरी म्हटलं की गंगरेल, आणि गंगरेल म्हटलं की बोटी, झोपड्यांची रिसॉर्टं आणि ‘मिनी गोवा’. (गोव्यात कुणी एखाद्या किनाऱ्याला ‘मिनी गंगरेल’ म्हणाल्याचं ऐकलं नाही.) धरणावर जायला हरकत नाही. पण धमतरीला अगदी खेटून असलेल्या रुद्रीकडे कुणी बोट दाखवत नाही. इथे महानदीवर बंधारा आहे, रुद्रेश्वराचं देऊळ आहे, आणि इथूनच जुना महानदी कालवा निघतो. कालव्याची पाळ म्हणजे चढ नाही, उतार नाही, एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला धान. 1920 साली कंडेल गावच्या शेतकऱ्यांनी याच कालव्याच्या पाण्यावरच्या जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध सत्याग्रह केला. पंडित सुंदरलाल शर्मा आणि छोटेलाल श्रीवास्तव यांच्याबरोबर त्या लढ्यात नारायणराव मेघावाले होते. नाव ऐकूनच आपल्या लोकांचे कान टवकारतील. गांधीजी त्या निमित्ताने धमतरीला आले, हा आजही तिथल्या अभिमानाचा विषय आहे. देशाच्या इतिहासातला एवढा मोठा प्रसंग ज्या पाण्यावरून घडला, त्याच्या काठाने दोन तास चालावं, दशम्या सोडाव्यात, संध्याकाळच्या बसने घरी यावं. याला रिसॉर्ट लागत नाही. लागतात चार पाट्या आणि बायकांसाठी एक स्वच्छ स्वच्छतागृह. या दुसऱ्या गोष्टीवाचून किती बायका सहलीला नाही म्हणतात, हे आपल्या कुठल्याच पाहणीत येत नसावं.

राजिमबद्दल फार लिहीत नाही. 45 किलोमीटर, बसचा राबता, महानदी-पैरी-सोंढूरचा संगम, आणि पाणी ओसरलं की वाळूतून थेट कुलेश्वराच्या देवळापर्यंत चालत जाता येतं. मेळ्याच्या दिवसांत आपण तिथे सगळी व्यवस्था करताच. उरलेल्या वर्षाकडेही बघावं. जतमई-घटारानीचे धबधबे मात्र मी या यादीत मुद्दाम घालत नाही. पावसाळ्यात तिथला खडक निसरडा, शेवटचा टप्पा बसविना, आणि गर्दी अशी की चालणं बाजूलाच राहतं.

हत्तींची गोष्टही लपवायची नाही. महासमुंद आणि गरियाबंदच्या बाजूला जंगली हत्तींचा वावर आहे, त्यात माणसं गेली आहेत. बारनवापारा अभयारण्यात परवानगीशिवाय पायी शिरायचं नसतं, आणि ते योग्यच आहे. पण उदंती-सीतानदी व्याघ्र प्रकल्पात हत्ती कुठे आहेत याचा इशारा गावकऱ्यांच्या मोबाइलवर पोचवण्याची सोय वन विभागाने केली आहे. तसाच इशारा कुहरी मोडवर एका फळ्यावर रोज सकाळी खडूने लिहिला, तर काय बिघडेल? ज्या दिवशी हत्ती जवळ असतील, त्या दिवशी ‘आज जाऊ नका’ असं लिहा. लोक ऐकतात. गावातल्या वन प्रबंधन समितीच्या पोरांना वाटाडे म्हणून तयार केलं, तर चार पैसे त्यांच्याही हाती येतील.

हळू प्रवासाचा एक जुना दाखला देते. 1877 साली चौदा वर्षांचा नरेंद्रनाथ दत्त रायपूरला आला, तेव्हा इथे रेल्वे नव्हती. बैलगाडीने कित्येक दिवस जंगलातून प्रवास झाला, आणि वाटेत कड्याच्या भेगेत लोंबणारं प्रचंड मोठं मधाचं पोळं पाहून त्याचं भान हरपलं, असं त्याची चरित्रं सांगतात. आज आपल्या विमानतळाला त्याचंच, म्हणजे स्वामी विवेकानंदांचं नाव आहे. त्या पोऱ्याला जंगल दिसलं, कारण त्याची गाडी हळू चालत होती. आपलं सगळं नियोजन मात्र माणसाला जागेवर लवकरात लवकर पोचवण्याचं.

पैसे नाहीत, असं उत्तर येईल. बस्तर आणि सरगुजाकडच्या गावांसाठी सरकारने ऑक्टोबर 2025 मध्ये मुख्यमंत्री ग्रामीण बस योजना सुरू केली. ती आधी तिथेच हवी होती, यात वाद नाही. मी नव्या बसचा ताफा मागत नाही. एकच छोटी गाडी मागते, आणि तीही फक्त रविवारी. सकाळी रायपूरहून येणाऱ्या बसच्या वेळेला कुहरी मोडवर उभी राहील, माणसं सिरपूरला नेईल, आणि उन्हं कलायच्या आत त्यांना परत मोडवर आणून सोडेल. वेळ मोठ्या अक्षरांत दोन्ही ठिकाणी आणि भाटागावला लिहिलेली असावी, आणि ती पाळली जावी. वेळ पाळली नाही तर हा सगळा खटाटोप फुकट जाईल, कारण एकदा अंधारात मोडवर ताटकळलेलं कुटुंब पुन्हा बसने येत नाही, आणि दहा घरांना येऊ नका म्हणून सांगतं.

उन्हाळ्यात हे शक्य नाही, रायपूरचा मे कुणालाच चालू देत नाही. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढाच हंगाम धरावा. एका हिवाळ्यात प्रवासी मिळाले नाहीत, तर गाडी बंद करा, मी पुन्हा लिहिणार नाही. मिळाले, तर पुढच्या हिवाळ्यात रुद्रीच्या कालव्यावर पाट्या लावा.

आणि रायपूरच्या मराठी मंडळींनो, गाडी सुरू झाली तर पहिल्या रविवारी ती रिकामी जाऊ देऊ नका. दारातली मोटार दारातच राहू द्या.

कळावे,
आपली,
चौबे कॉलनीतली एक बसप्रवासी
रायपूर