विश्लेषण : शेजाऱ्याचे आयात शुल्क, वाळूजचे काम

श्रीलंकेत धावणाऱ्या ‘टुक-टुक’पैकी बहुतेक बजाजच्या आहेत. बजाजच्या तीनचाकी बनतात वाळूजला, म्हणजे गंगापूर तालुक्यात. परकीय चलन वाचवण्यासाठी श्रीलंकेने २०२० मध्ये वाहनांची आयात बंद केली. खासगी वाहनांसाठी दार पुन्हा उघडले ते थेट फेब्रुवारी २०२५ मध्ये, तेही जबर करांसह. कोलंबोतील असा आदेश वाळूजच्या कामावर कसा परिणाम करतो?

तयार गाडी की सुटे भाग?

सगळी मेख इथे आहे. बांगलादेशात पूर्ण तयार मोटारसायकलवर शुल्क जास्त आणि सुट्या भागांवर कमी आहे. म्हणून बजाजच्या दुचाकी तिथे सुट्या भागांच्या रूपात जातात आणि उत्तरा मोटर्स त्या जोडते. भाग बनवण्याचे काम इथे राहते, जोडणीचे तिकडे जाते. आयात शुल्काचा अर्थ केवळ ‘गाडी महाग होते’ एवढाच घेतला जातो. पण कोणते काम कोणत्या देशात व्हायचे, हेही तेच ठरवते.

यात बांगलादेशाला दोष देण्याचे कारण नाही. आपणही तेच करतो. परदेशातून तयार मोटार आणली तर भारतात ७० ते ११० टक्के शुल्क लागते. याच जिल्ह्यात शेंद्र्याला २००१ पासून स्कोडाच्या मोटारी जोडल्या जातात, त्यामागे ही भिंतही आहे. संपूर्ण सुट्या संचावर ३० ते ३५ टक्के, तर वेगवेगळ्या भागांवर ५ ते १५ टक्के शुल्क; या फरकावरूनच सीमाशुल्क विभागाने सप्टेंबर २०२४ मध्ये स्कोडा-फोक्सवॅगनला सुमारे १.४ अब्ज डॉलरची नोटीस बजावली. कंपनीने आरोप फेटाळून मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली.

अमेरिकेत काय झाले?

अमेरिका, मेक्सिको आणि कॅनडा यांच्यात एकच भाग गाडीत बसण्यापूर्वी अनेकदा सीमा ओलांडतो. अमेरिकेने एप्रिल २०२५ मध्ये आयात मोटारींवर आणि मे महिन्यात सुट्या भागांवर २५ टक्के शुल्क लावले, पण शेजाऱ्यांशी असलेल्या कराराच्या अटींत बसणारे भाग वगळले. भारतीय भागांना ती सूट नव्हती. एन्ड्युरन्स, व्हॅरॉक अशा वाहनभाग कंपन्यांची मुख्यालये असलेल्या वाळूजसाठी ही बातमी दूरची नव्हतीच.

दक्षिण आशियात ‘साफ्टा’ करार २००६ पासून आहे. पण प्रत्येक देशाने आपली ‘संवेदनशील यादी’ ठेवून अनेक वस्तू सवलतीबाहेर काढल्या. त्यामुळे इथला शेजार कागदावरच उरतो.

फटका कुणाला?

शुल्काचा आदेश एका रात्रीत निघतो. नवा साचा बनवायला मात्र महिने जातात. मोठी कंपनी आपला माल आफ्रिका किंवा लॅटिन अमेरिकेकडे वळवू शकते. एकाच भागाची एकच ऑर्डर असलेल्या लघुउद्योजकाला तसे करता येत नाही, कारण यंत्राचा हप्ता थांबत नाही. ऑर्डर घटली की आधी जातो तो ओव्हरटाइम आणि मग कंत्राटी कामगार.

शेजाऱ्यांच्या याद्या छोट्या व्हाव्यात, हा आग्रह दिल्लीने धरायलाच हवा. पण त्याची किंमत मोजावी लागेल: मे २०२५ मध्ये भारतानेच बांगलादेशी तयार कपड्यांना जमिनीवरचे मार्ग बंद करून न्हावा शेवा आणि कोलकाता ही दोनच बंदरे खुली ठेवली. ते मार्ग मिटलेले ठेवून ढाक्याकडे मोटारसायकलसाठी सवलत मागता येणार नाही.