हिरवा दिवा काय लपवतो?

दूरसंचार केंद्रातील स्विचच्या पोर्टवर हिरवा दिवा लागला की जोडणी चालू आहे, असे व्यवस्थापन धरून चालते. वर जाणारे अहवालही बहुधा त्याच दिव्यावर बेतलेले असतात. वस्तुतः दिव्याचा अर्थ एवढाच की पलीकडचा प्रकाश पोचत आहे. त्यातून आलेला मजकूर धड आला की नाही, हे सांगतो तो पोर्टमधला दोषगणक.

पाठवणारे यंत्र माहितीच्या प्रत्येक तुकड्याबरोबर त्यावरून काढलेला एक ताळा पाठवते. तंत्रज्ञ त्याला सीआरसी म्हणतात. घेणारे यंत्र तोच हिशेब पुन्हा मांडते. ताळा जुळला नाही तर तुकडा फेकला जातो आणि गणक एकाने पुढे सरकतो. फेकलेला तुकडा पुष्कळदा पुन्हा मागवला जातो, त्यामुळे ग्राहकाला जाणवतो तो केवळ मंदपणा. आणि मंदपणाच्या तक्रारीला कोण दाद देतो? गणकात आकडा असणे हाच काही दोष नव्हे. दहा गिगाबिटच्या जोडणीत एक लाख कोटी बिटांमागे एक चूक मानकाला मान्य आहे, म्हणजे पूर्ण भाराने चालताना शंभर सेकंदांत एक. पाहायची ती दोन वाचनांमधील वाढ. काल ४० आणि आजही ४० असेल तर तो जुना डाग. आज ४ हजार असेल तर कोणीतरी तातडीने निघायला हवे.

निघायचे कोणी, हा खरा प्रश्न आहे. लांब पल्ल्याच्या फायबरचा प्रकाशवाहक गाभा अवघा ९ मायक्रॉनचा; कनेक्टरवरचा धुळीचा कणही त्याला पुरतो. शिवाय चूक नोंदली जाते घेणाऱ्या टोकाला, आणि तिचा उगम असतो दुसऱ्या टोकाला किंवा वाटेतल्या सांध्यात. दोन टोके दोन कंत्राटदारांकडे असली की प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

भारत संचार निगममधून ३१ जानेवारी २०२० या एका दिवशी ७८ हजारांहून अधिक कर्मचारी तथाकथित स्वेच्छानिवृत्तीने बाहेर पडले. योजना पन्नाशी गाठलेल्यांसाठी होती. म्हणजे सांधा कुठे कच्चा आहे हे वर्षानुवर्षांच्या सवयीने ओळखणारेच गेले. इकडे भारतनेटखाली दोन लाखांहून अधिक ग्रामपंचायती ‘सेवेस सज्ज’ असल्याचे सरकार सांगते. सज्ज असणे आणि सेवा मिळणे यांतले अंतर या शब्दात सफाईने गिळले आहे!

गणक वाचायला आता सॉफ्टवेअर आहे, असे उत्तर मिळेल. यंत्राशी कामगाराचे वैर नाही. यंत्र मोजते ते प्रामाणिकपणेच. परंतु सॉफ्टवेअर कनेक्टर पुसत नाही, आणि जोडणी तुटल्यावरच इशारा द्यावा असे त्याला बजावले असेल तर ते तोवर गप्प राहते. मग जोडणी तुटते आणि ठपका येतो तो शेवटी पेटीला हात लावणाऱ्या कंत्राटी कामगारावर. दोष आठवडाभर वाढत होता, याचा पुरावा गणकाच्या नोंदीतच असतो. पण ती नोंद त्याला पाहू दिली जात नाही.

कामगार संघटनांनी ही मागणी देखभालीच्या करारात घातली पाहिजे. प्रत्येक पोर्टचा गणक ठराविक वेळी, पोचणाऱ्या प्रकाशाच्या पातळीसह नोंदवावा, आणि ती नोंद दोन्ही टोकांच्या कामगारांना खुली असावी. गणक शून्यावर आणता येतो, हेही विसरू नये. तो कोणी, केव्हा आणि कोणाच्या हुकमाने पुसला, याची नोंदही त्याच वहीत हवी.