नाफाला खुले पत्र : प्रवेशिकेत दोन रकाने वाढवा

प्रति,
श्री. अभिजित घोलप आणि नाफाची (नॉर्थ अमेरिकन फिल्म असोसिएशनची) सर्व कार्यकर्ते मंडळी,
सॅन होजे, कॅलिफोर्निया



२०२४ पासून तुम्ही सॅन होजेत मराठी चित्रपट महोत्सव भरवता आणि त्यात इथल्या मराठी माणसांनी केलेले लघुपटही दाखवता. सुवर्णकमळ मिळवणाऱ्या ‘देऊळ’चे निर्माते असलेल्या घोलपांनी आमच्यासारख्या हौशींना पडदा मिळवून द्यावा, याचं अप्रूप आहे. म्हणूनच प्लेनोहून हे पत्र. सिनेमार्क या चित्रपटगृहांच्या साखळीचं मुख्यालय आमच्या गावात आहे, पण मराठी सिनेमा इथे येतो तो एखाद-दुसऱ्या खेळापुरता. मग आपणच काढू, अशी खुमखुमी डॅलस परिसरातल्या नाटकवेड्यांना येते.

आजवर या खुमखुमीला एकच लगाम होता : टेक्सासात कोकण नाही. कथा गावाकडची आणि पात्रांच्या मागे लाकडी कुंपण न् विटांचं दुमजली घर! आता व्हिओ, रनवे अशा चित्रफिती बनवणाऱ्या एआय यंत्रांपैकी कुणालाही दोन ओळी लिहून द्या. पाऊस, माजघर, बैल, सगळं हजर. गूगलचं व्हिओ ३ तर मे २०२५ पासून आठ सेकंदांची चित्रफीत आवाजासकट देतं. अशा फिती जोडत गेलं की झाला लघुपट. तिकीट नको, रजा नको.

पण त्या फिती जरा थांबवून पाहा. दुकानाच्या पाटीवरची देवनागरी दुरून देवनागरी वाटते, वाचायला गेलं तर काहीच लागत नाही. सांगलीच्या शेतकऱ्याच्या डोक्याला राजस्थानी पगडी. आजीचा काष्टा एका दृश्यात आहे, पुढच्या दृश्यात गायब. लुगड्याचे काठही बदललेले. हे दोष लवकरच निघतील, यात मला शंका नाही. पण निघाले की घोटाळा वाढेल, कारण यंत्र देतं ती असंख्य चित्रांची सरासरी, आणि सरासरीत कुणाचंच गाव नसतं. पुण्यातला प्रेक्षक ते ओळखेल आणि हसेल. इथे जन्मलेल्या आमच्या मुलांना मात्र तेच आजोळ वाटेल. ताडून पाहायला त्यांच्याजवळ दुसरं आहे काय?

बंदी घाला, असं मी म्हणत नाही. मागची विजेची तार पुसायला, चित्रीकरणाआधी दृश्याचा आराखडा बघायला, न परवडणारा पूर दाखवायला यंत्र खुशाल वापरावं. (गारपीट मात्र टेक्सासात यंत्राकडे मागावी लागत नाही.) ऑस्कर देणाऱ्या अकादमीनेही एप्रिल २०२५ मध्ये हेच धोरण धरलं : अशा साधनांमुळे नामांकनाची शक्यता वाढणार नाही की घटणार नाही, सर्जनाच्या केंद्रस्थानी माणूस कितपत आहे हे पाहिलं जाईल.

यंत्राच्या बाजूने वाद घालताना फाळक्यांना साक्षीला काढणारे भेटतातच. त्यांच्या ‘लंकादहन’मध्ये एकट्या साळुंके या नटाने राम आणि सीता दोन्ही भूमिका केल्या, तीही करामतच की! कबूल. पण चित्रपट कसा तयार होतो हे दाखवणारी फिल्मही फाळक्यांनीच काढली होती. आपण त्यांच्याकडून करामत तेवढी उचलतो.

चेहरे आणि आवाज यांचं प्रकरण अधिक नाजूक. ऑगस्ट २०२५ मध्ये ‘रांझणा’ची तमिळ आवृत्ती यंत्राकरवी शेवट बदलून पुन्हा प्रदर्शित झाली. मूळ चित्रपटात मेलेला नायक जिवंत झाला; दिग्दर्शक आनंद एल. राय यांनी जाहीर निषेध करूनही काही थांबलं नाही. तिथे चित्रपट प्रदर्शित करणारी कंपनी निदान हक्क सांगत तरी होती. आपल्याकडे उद्या निळू फुले किंवा लक्ष्मीकांत बेर्डे कुणालाही न विचारता दोन वाक्यं बोलून जातील, टाळ्या पडतील आणि करणारा म्हणेल, ‘गंमत म्हणून केलं हो!’

तेव्हा प्रवेशिकेत दोन रकाने वाढवा. पहिला : कोणती दृश्यं, आवाज, संगीत यंत्राकडून करून घेतलं; तेच श्रेयनामावलीतही दिसावं. दुसरा : खऱ्या माणसाचा चेहरा किंवा आवाज यंत्राने घडवला असेल तर त्याची, तो हयात नसल्यास वारसांची, लेखी परवानगी. पहिल्या रकान्यात काहीही लिहिलेलं असलं तरी लघुपट बाद करू नका. दुसऱ्यातली परवानगी नसेल तर जरूर करा.

शिवाय एक बक्षीस इथल्या जगण्यावरच्या लघुपटासाठी राखून ठेवा. फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळात टेक्सासात लाखो घरांची वीज गेली, तेव्हा गारठलेल्या घरात पोरंबाळं, म्हातारी माणसं सांभाळणारी मराठी कुटुंबंही होती. सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई साडीवर जाकीट, पायात बूट घालून संध्याकाळी रिकाम्या फुटपाथवर फेऱ्या मारतात. कॅमेरा लावला की मिळतं हे.

पुढच्या प्रवेशिका निघण्याआधी निर्णय जाहीर करावा, ही विनंती. आमच्याकडची मंडळी आत्ताच कथा लिहायला बसली आहेत.

आपला,
प्लेनो, टेक्सासमधला एक हौशी दिग्दर्शक