नाव कमी केले

तारकर्लीच्या आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत निघणार आहे. मुंबईच्या चाकरमान्यांनी समिती नेमली आणि घरोघर छापील तक्ता पाठवला. मूळ पुरुष, त्याचे पुत्र, पुत्रांचे पुत्र असे रकाने आहेत. सुनेसाठी एक ओळ, तीही लग्नानंतरच्या नावाची. मुलींसाठी तळाला सूचना : ‘कन्या असल्यास संख्या लिहावी.’ संख्या! गोठ्यातली गुरे मोजावीत तशी.

मैत्रिणींनो, हा एकट्या आमच्या समितीचा विक्षिप्तपणा नाही. गेल्या शतकात पांढरपेशा घराण्यांनी जाडजूड कुलवृत्तांत छापले, त्यांचीच ही नक्कल आहे. गंमत अशी की ज्या घरांत श्राद्ध-तर्पण चालते तिथे भटजी बाप, आजा, पणजा यांच्याबरोबर आई, आजी, पणजी यांचीही नावे विचारतात. म्हणजे पिंड द्यायला बाईचे नाव लागते, छापायला मात्र लागत नाही. मी हरकत घेतली तर उत्तर आले, ‘पुस्तक जाड होईल.’ आणि ‘आईकडून कुठे वंश चालतो काय?’ चालत होता. आपल्याच सिंधुदुर्गात, गोव्यात देवळाशी बांधलेल्या भाविणींच्या घरांत सेवा आईमागून मुलीकडे जाई. त्या प्रथेतले शोषण झाकायचे कारण नाही, पण आईवरून वंश सांगता येतो हे त्या घरांना ठाऊक होते. बापाचे नाव विचारून विचारून त्यांना त्याचीच लाज वाटायला लावली.

तेव्हा आपली वंशावळ आपण काढायची. सुरुवात घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईपासून करा, आणि ती जिवंत आहे तोवर करा. माझ्या एका आत्येला तिचे माहेरचे नाव विचारले तर ती हसली, ‘नाव खंयचा गो? माका सगळो गाव आचरेकरीण म्हणता.’ पण हाच धागा. आचरेकरीण म्हणजे आचऱ्याची. मग आचऱ्याला जायचे, तिथे भाऊबंद भेटतात. प्रत्येक बाईची दोन्ही नावे लिहा, माहेरचे आणि सासरचे, नाहीतर एकीच्या दोघी होतात. शाळेत गेलेली असेल तर शाळेच्या जनरल रजिस्टरात ती माहेरच्या नावाने सापडते. जन्म-मृत्यूची जुनी नोंद गाव नमुना १४ मध्ये बघा. ख्रिस्ती मैत्रिणींचे काम सोपे, चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत आईचे नाव असते. आणि लक्षात ठेवा, १९८१ पूर्वी आपला जिल्हा रत्नागिरी होता.

खरा खजिना मात्र फेरफाराचा. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात अर्ज करून जुन्या फेरफारांच्या नकला मिळतात. माझ्या आजीचा आणि तिच्या दोन नणंदांचा ठाव मला तिथेच लागला. पणजोबा वारले, थोरल्या मुलाचे नाव लागले, पुढे ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. बहिणी गेल्या ‘इतर हक्क’ या रकान्यात, जिथे बोजा आणि कर्ज लिहितात. पुढच्या फेरफारात : बहिणींनी हक्क सोडला, सबब नाव कमी केले. खाली दोन अंगठे. ज्या कागदाने त्यांना घराबाहेर काढले, त्या एकाच कागदावर त्यांची नावे धड लिहिलेली होती.

म्हणून म्हणते, वंशावळ ही निवृत्त काकांची हौस नव्हे. वारसनोंदीसाठी तलाठी (आता त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे) वंशावळच मागतो. जी त्यात नाही ती वारस म्हणून दिसतच नाही. नुसती रापण ओढली जायची तेव्हा या वाळूतल्या तुकड्याला कुणी विचारत नव्हते. आता पर्यटक आले, घरोघरी न्याहारी-निवास झाले, गुंठ्याला भाव आला, आणि भावांना बहिणी आठवल्या. सहीपुरत्या. भाऊबीजेच्या साडीबरोबर कागदही येतो, आणि सही न करणारीचे माहेर तुटते. ही भीती खोटी नाही. कायदा सांगून ती जात नाही. तरी कायदा माहीत हवा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने बापाच्या स्वतःच्या मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा दिला. वडिलोपार्जित मिळकतीत महाराष्ट्राने १९९४ साली तो दिला, पण तेव्हा लग्न झालेल्यांना वगळले. २००५ च्या दुरुस्तीने सगळ्याच मुली आल्या, आणि बाप त्या वेळी हयात असण्याची गरज नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले.

हक्कसोडपत्र नोंदणीकृतच लागते. तलाठ्यापुढच्या साध्या जबाबावर भागत नाही. फेरफार मंजूर होण्याआधी हितसंबंधितांना नोटीस निघते, ती चावडीवरही लागते, आणि हरकतीला पंधरा दिवस असतात. सासरी गेलेल्या बाईला चावडीवरची नोटीस दिसणार कशी? महिला मंडळांनी हे एक काम उचलावे. दर आठवड्याला एकीने चावडीवर जाऊन नोटिसा वाचायच्या, आणि ज्या घरातल्या मुलींची नावे गाळलेली दिसतील त्यांना त्याच दिवशी फोन करायचा.